कालव्याच्या रस्त्यावरचे दोन नऊ

कुठल्याही खांबाला तळहात लावण्याआधी आत्या हाताची मागची बाजू लावायच्या. खांबात करंट उतरला असेल तर हात मागे फेकला जातो. तळहात लावला तर बोटं खांबालाच घट्ट धरून बसतात. ही सवय इतकी अंगात मुरली होती की घरचा फ्रीज, बँकेचं दार, तापलेलं कपाळ, सगळ्याला आधी मागचा हात.

रस्त्याने चालताना त्या खांब मोजायच्या. ओठ हलायचे नाहीत. मध्येच कुणी काही विचारलं तर एक बोट वर व्हायचं आणि उत्तर पुढच्या खांबापाशी मिळायचं.

कागद खालून वर वाचायच्या. "खाली सही असते," म्हणायच्या. "कोण अडकणार ते आधी बघायचं. वर काय, वर नुसती दवंडी असते."

रिकाम्या खोलीत दिवा दिसला की तो बंद. स्वतः मात्र अंधारात बसून भाजी निवडायच्या.

रागावल्या की समोरच्याला अहोजाहो. शिव्या देत असल्या तर घाबरायचं कारण नसे. "अहो, बसा ना," म्हणाल्या की बसलेला माणूस उठून उभा राहायचा.

आणि संध्याकाळी दिवे लागले की हातातलं काम जिथल्या तिथे. घास असो, पाना असो, अर्धं वाक्य असो. मान वर. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नजर. ती पुरी झाल्याशिवाय खाली बघणं नाही.

आत्या दिवाबत्ती खात्यात वायरमन होत्या. एकोणतीस वर्षं झाली होती आणि निवृत्तीला सात महिने उरले होते. शिडीची गाडी चालवणारा ड्रायव्हर त्यांचा सख्खा भाचा. तो 'आत्या' म्हणायचा, म्हणून डेपो आत्या म्हणू लागला, मग साहेबही. त्यांच्या नवऱ्याला, जे शिंपी होते आणि डेपोत कधी आले नव्हते, त्यांनाही सगळे न विचारता आतोबा म्हणायचे.

डेपोत एका कोपऱ्यात तक्रारींचा फोन होता. त्यावर साहित्याची पदवी घेतलेली एक मुलगी बसायची. पहिल्याच दिवशी तिने रजिस्टरमध्ये लिहिलं, 'वळणावरचा दिवा मिणमिणतो आहे.' भाच्याने ते सगळ्यांना वाचून दाखवलं. तेव्हापासून ती कवयित्री. तिने आयुष्यात एकही कविता लिहिली नव्हती. हे सांगून काही उपयोग झाला नाही.

"मिणमिणतो म्हणजे काय गं?" आत्यांनी तिला विचारलं होतं. "चोक गेलाय की जोड सैल आहे?"

"ते मला कसं कळणार?"

"मग खांबाचा नंबर लिही. शब्द वर चढत नाहीत. माणूस चढतो, आणि त्याला नंबर लागतो."

तिथून त्यांची मैत्री झाली. वयात चौतीस वर्षांचं अंतर होतं. डब्यातली भाजी अर्धी-अर्धी व्हायची.

मग दिव्यांचं काम एका कंपनीला दिलं गेलं. जुने पिवळे दिवे उतरले, नवे पांढरे चढले. साहेबांच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा लागला. पडद्यावर शहराचा नकाशा, आणि दर खांबामागे एक ठिपका. हिरवा म्हणजे दिवा चालू. लाल म्हणजे तक्रार आहे. तक्रार निकालात निघाली की ठिपका परत हिरवा. नव्या दिव्यांना खात्याच्या माणसांनी हात लावायचा नाही. लावला तर हमी रद्द. कंपनीचा माणूस टॅब घेऊन फिरायचा. त्याचं नाव टॅबवाला पडायला अर्धा दिवसही लागला नाही.

आत्यांच्या टोळीला आता शिडी चढायचं काम उरलं नव्हतं. एकच काम उरलं होतं. प्रत्येक रस्त्याचा पूर्णत्वाचा दाखला यायचा आणि त्यावर सर्वांत जुन्या वायरमनची सही लागायची. सगळ्या रस्त्यांच्या सह्या झाल्या की डेपोचा फोन बंद होणार होता आणि तक्रारी थेट कंपनीकडे जाणार होत्या. महिनाअखेरची तारीखही ठरली होती.

आत्यांनी अकरा रस्त्यांवर सह्या केल्या. प्रत्येक रस्ता आधी चालून. बारावा कालव्याचा रस्ता.

तो रस्ता पुलापासून निघतो आणि लाँड्रीपाशी संपतो. मोठ्या दवाखान्यांच्या चादरी धुणारी लाँड्री. रात्री नऊला तिची पाळी सुटते आणि चाळीसेक बायका त्या रस्त्याने पुलाकडे चालत येतात. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला पाइपासाठी खणलेला चर. चौसष्ट खांब.

लाँड्रीतून फोन यायचा. "नऊ, अकरा आणि बारा नंबर बंद आहेत." कवयित्री लिहून घ्यायची आणि कंपनीला कळवायची. पडद्यावर तीन ठिपके लाल व्हायचे. दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं, 'दिवा चालू आढळला. तक्रार बंद.' ठिपके हिरवे. रात्री पुन्हा फोन. "अहो ताई, कसले चालू? आम्ही मोबाइलच्या उजेडात येतोय." पुन्हा लाल. पुन्हा हिरवे. असं सहा वेळा झालं.

सातव्या वेळी भाच्याची बायको चरात पडली. ती लाँड्रीत इस्त्रीवर होती. हनुवटीला सहा टाके.

दुसऱ्या दिवशी भाचा टॅबवाल्याची गचांडी धरायला निघाला. आत्यांनी त्याला हाताने अडवलं आणि टॅबवाल्यासमोर स्वतः जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "जरा चला ना आमच्याबरोबर."

भाचा दोन पावलं मागे सरकला. त्याला ते 'अहो' ठाऊक होतं.

भर दुपारी चौघं गेले, कवयित्रीही रजिस्टर घेऊन. आत्यांनी पुलाजवळची स्विचची पेटी उघडली आणि रस्त्याचे दिवे लावले. असंच करतात, मेलेला दिवा दिवसाही शोधता येतो, फक्त येणारेजाणारे 'वीज फुकट घालवता' म्हणून शिव्या देतात. सायकलवरच्या एका म्हाताऱ्याने ती रीत पाळली. आत्या नऊ नंबरच्या खांबाखाली थांबल्या. खांबावर काळ्या रंगात नऊ होता. वर दिवा मेलेला.

"हा नऊ," आत्या म्हणाल्या.

टॅबवाल्याने टॅबवर बोट फिरवलं. "हा नऊ नाही. हा छप्पन्न आहे."

"डोळे आहेत ना तुम्हाला? काय लिहिलंय?"

"लिहिलेलं जुनं असेल. नकाशात आपण उभे आहोत तो छप्पन्न. नऊ तिकडे, लाँड्रीजवळ. मी सहा वेळा बघून आलो. झकास चालू आहे."

मग कवयित्रीने हळूच विचारलं, "तुमचा एक नंबर कुठे आहे?"

"लाँड्रीच्या फाटकाशी."

खात्याचा एक नंबर पुलाशी होता. खातं नेहमी पेटीपासून मोजतं, कारण करंट तिथून निघतो. कंपनीचा मोजणीदार मात्र बसने आला होता, आणि बसचा थांबा लाँड्रीच्या फाटकाशी आहे. तो उतरला, समोर खांब दिसला, त्याने एक लिहिला. खांबावरचे आकडे बघणं त्याच्या कामात नव्हतं. लाँड्रीच्या बाजूचे आकडे तसेही उन्हाने उडाले होते. त्यामुळे नऊची तक्रार सहा वेळा एका चांगल्या दिव्याकडे गेली आणि सहा वेळा निकालात निघाली.

"पासष्टातून वजा करायचं," कवयित्री म्हणाली. "पासष्ट वजा नऊ, छप्पन्न. मी आता असंच कळवते."

तिने छप्पन्न, चोपन्न आणि त्रेपन्न कळवले. दोन दिवसांत तिन्ही दिवे लागले.

साहेबांनी लगेच दाखला पुढे केला. ते वयाने लहान होते, वाईट नव्हते. वरून रोज फोन येत होते.

"लागले ना दिवे, आत्या? घ्या, करा सही."

आत्यांनी दाखला खालून वाचायला घेतला. मधल्या एका ओळीवर बोट थांबलं. "'दिवे व क्रमांक नकाशाप्रमाणे आहेत.' क्रमांक कुठे नकाशाप्रमाणे आहेत?"

"अहो, कवयित्री वजाबाकी करतेय ना."

"महिनाअखेरीला तिचा फोन बंद होतोय. मग ती लाँड्रीतली बाई कंपनीला फोन करणार. खांबावर जे लिहिलंय तेच सांगणार. तिकडे कोण बसलंय वजाबाकी करायला?"

"आपण पत्र पाठवलंय. नकाशा दुरुस्त करतील."

"कधी?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "खरं सांगू? नाही करणार. एक रस्ता चुकला म्हटलं की बाकीचे पुन्हा मोजा म्हणतील. कुणाला नकोय ते."

"मग खांबांवरचे आकडे बदला."

"रंगाचं काम टेंडरमध्ये नाही."

"मग सही पण टेंडरमध्ये नाही," आत्या म्हणाल्या आणि दाखला उलटा करून टेबलावर ठेवला. "चौसष्टच्या चौसष्ट आकडे जुळले की आणा. एका मिनिटात करते."

"सात महिने राहिलेत तुमचे. कशाला वाकड्यात शिरता?"

"एकोणतीस वर्षं खांबावर सरळच चढले, साहेब. आता थोडं वाकडं चालेल."

त्या दिवशी कवयित्री त्यांच्या घरी गेली. दोन खोल्या. खिडकीशी शिलाई मशीन, त्यावर आतोबा. आत्यांनी तेलाचा डबा कापून त्याचे सपाट पत्रे केले होते. आतोबा कापडावरच्या खडूने त्यावर आकडे आखत होते. शून्य ते नऊ. आत्या कात्रीने आतला भाग कापत होत्या. पत्रा खांबाला लावून वरून रंग मारला की आकडा उमटणार होता.

"आठला कंबर जरा बारीक ठेवा," आत्या म्हणाल्या.

"ब्लाउज नाही शिवत मी."

"म्हणून तर सांगतेय. ब्लाउज तुम्ही कधी मापात शिवलात?"

"बघ," आतोबा कवयित्रीला म्हणाले. "आख्ख्या शहराला उजेड पुरवला हिने. मला मात्र चाळीस वर्षं अंधारात सुई ओवायला लावतेय."

आत्यांनी उठून त्यांच्या डोक्यावरचा दिवा लावला. दुसऱ्या खोलीतला बंद केला.

"आत्या, तुम्ही एकट्या चौसष्ट खांब रंगवणार?"

"खांब नाही, आकडे. नकाशा हलत नाही म्हणतात ना? मग रस्ता हलवू."

पाचला ड्युटी संपायची. साडेसहाच्या पुढे दिवे लागायचे. मधल्या वेळात तीन खांब व्हायचे. आधी जुन्या आकड्यावर पांढरा पट्टा, तो वाळेपर्यंत पुढच्या खांबावर पट्टा, मग मागे येऊन काळा आकडा. सुरुवात लाँड्रीच्या फाटकाशी, एकपासून. रंग आत्यांचा, ब्रश आत्यांचा. भाचा गाडी रस्त्यात आडवी लावून येणाऱ्या वाहनांना अडवायचा आणि जाणाऱ्याला फुकट माहिती द्यायचा. हनुवटीवर पट्टी लावलेली त्याची बायको पाळीतल्या चहाच्या सुट्टीत रंगाचा डबा धरून उभी राहायची.

"आत्या, सात जरा तिरपा आलाय," ती म्हणाली.

"तुझी हनुवटी पण तिरपी आलीय. चालतंय ना?"

टॅबवालाही एकदा आला. बराच वेळ लांब उभा राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "अकरा आणि बाराच्या मध्ये तुमचा एक मोडका खांब आहे. तो नकाशात नाही. त्याला नंबर देऊ नका, नाहीतर पुढचे सगळे घसरतील."

आत्यांनी त्याच्याकडे बघितलं. "आधी का नाही सांगितलंस?"

त्याला 'अरे-तुरे' ऐकून इतकं बरं वाटलं की त्याने आपणहून पत्रा धरला.

सात खांब झाल्यावर मेमो आला. 'सरकारी मालमत्तेवर विनापरवाना आकडे लिहिल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' आत्यांनी तो खालून वर वाचला आणि कवयित्रीपुढे ठेवला.

"तुझी पदवी काढ. लिही."

कवयित्रीने दीड पान लिहिलं. सुरुवात फार छान जमली होती. आत्यांनी ऐकून घेतलं, कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या. 'आकडे आधीपासून होते. मी बरोबर केले.' खाली सही.

"एवढंच?"

"जास्त लिहिलं की त्यातून ते काहीतरी काढतात."

तो खुलासा साहेबांच्या टेबलावर नऊ दिवस पडून होता. तोवर आकडे तेहतीसपर्यंत आले होते. साहेब स्वतः गाडी घेऊन कालव्याच्या रस्त्यावर आले.

"आत्या, काय करून ठेवलंत हे? आता तर दोन-दोन नऊ झाले. लाँड्रीजवळ तुमचा नवा नऊ, पुलाजवळ जुना नऊ. दोन एक, दोन दोन, दोन तीन. आधी निदान एकच घोळ होता."

खरं होतं ते. अर्धवट काम पहिल्यापेक्षा वाईट होतं. कवयित्रीला फोनवर रोज विचारावं लागत होतं, 'पुलाकडचा नऊ की लाँड्रीकडचा?'

"म्हणून तर थांबता येत नाही," आत्या म्हणाल्या.

"थांबवू शकतो मी."

"थांबवा ना. मग दोन नऊ तुमचे. मी चौसष्टपर्यंत गेले तर एकच."

साहेबांनी खांबाला टेकायला हात पुढे केला.

"मागचा हात," आत्या म्हणाल्या. "आधी मागचा हात लावावा."

साहेबांनी मागचा हात लावला. गाडीत बसले आणि गेले. मेमोचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही.

एकेचाळीस झाले त्या सोमवारी कवयित्रीही तिथे होती. बेचाळीसावर पट्टा मारून झाला होता. जुना तेवीस पुसला गेला. आत्यांनी चारचा पत्रा लावला, ब्रश फिरवला, पत्रा काढला. चार स्वच्छ उमटला. त्यांनी दोनचा पत्रा हातात घेतला आणि दिवे लागले.

त्यांनी पत्रा खाली केला. मान वर. लाँड्रीपासून पुलापर्यंत एक नजर. चौसष्टच्या चौसष्ट लागले होते.

"लाव ना दोन, आत्या," भाचा म्हणाला. "एका मिनिटाचं काम आहे."

"उद्या. ब्रश पाण्यात ठेव, नाहीतर कडक होईल."

"ऑइलपेंट आहे. पाण्यात काय ठेवायचा?"

"जागा आहेस का ते बघत होते," आत्या म्हणाल्या आणि चालू लागल्या. पुलाकडे. एक बोट जरा वर, म्हणजे मोजत होत्या.

मंगळवारी सकाळी भाच्याचा फोन तक्रारींच्या फोनवर आला. बूट घालायला आत्या वाकल्या त्या उठल्याच नाहीत. आतोबांना वाटलं, बुटाची नाडी शोधतायत.

कवयित्रीने नेहमीप्रमाणे रजिस्टर उघडलं आणि लिहून घेतलं. वेळ लिहिली. ठिकाण लिहिलं. खांब क्रमांकाच्या रकान्यात पेन टेकवलं आणि तिला तिथे काय लिहायचं ते कळेना. तो रकाना कोराच आहे. तिने ती ओळ खोडलेली नाही.

त्यांच्या घरी ती गेली तेव्हा आतोबा मशीनवर बसले होते. डोक्यावरचा दिवा चालू होता. दुसऱ्या खोलीतलाही. कुणी बंद केला नाही. आत्यांच्या कपाळाला तिने हात लावला. मागचा.

याला आता सोळा दिवस झाले.

दाखला साहेबांच्या खोलीत कागद अडकवायच्या तारेच्या आकड्याला टांगलेला आहे. सर्वांत जुना वायरमन आता दुसरा आहे. त्याच्यापुढे दाखला ठेवला तेव्हा तो खालून वर वाचू लागला. "चौसष्ट जुळले की आणा," म्हणाला. साहेबांनी तो परत टांगला.

महिनाअखेर होऊन गेली. डेपोचा फोन बंद झालेला नाही. एका रस्त्यावर दोन-दोन नऊ असताना तो बंद करता येत नाही, असं साहेबांनीच वर लिहून कळवलं. दोन ओळींत.

परवा लाँड्रीतून फोन आला.

"ताई, चार नंबर बंद आहे."

"कुठला चार? लाँड्रीकडचा की पुलाकडचा?"

"दोन्ही नाही. मधला. चारच्या पुढे जागा सोडलीय ना, तो."

कवयित्रीने बेचाळीस लिहिलं. दिवा दुसऱ्या दिवशी लागला.

दोनचा पत्रा भाच्याच्या गाडीत आहे, सीटच्या मागे, ब्रशबरोबर. ब्रश कडक झालाय. पुढे तेवीस आकडे राहिलेत, हा धरून. बेचाळीसाव्या खांबावर एक चार आहे आणि त्याच्या शेजारी एका आकड्याएवढी पांढरी जागा.